डिक्कीतलं डांगर

दसऱ्याचं तोरण अजून दारावर वाळत होतं, कोजागिरीच्या दुधाचं पातेलं नुकतंच घासून पालथं घातलं होतं, आणि चकलीच्या भाजणीचं धान्य कधी धुवायला काढावं याचा मी हिशेब करत होते. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की यंदा आपल्याकडे हॅलोविन करायचं आहे. सगळ्यांनी आपापल्या गाडीची डिक्की भुताटकीसारखी सजवायची, आत चॉकलेटं ठेवायची आणि संध्याकाळी मुलं भुतांची सोंगं घेऊन एका डिक्कीपासून दुसऱ्या डिक्कीपर्यंत फिरणार. निरोपाखाली नाचणारे सांगाडे होते. मी चष्मा लावून तो पुन्हा वाचला आणि फोन पालथा ठेवला. आत्ता कुठं आम्ही आमच्या पितरांना खीर-वडे खाऊ घालून, कावळ्यांच्या विनवण्या करून परत पाठवलं होतं. आता ही परकी भुतं कुणी सांभाळायची?

मी थकले होते, हे आधीच सांगून टाकते. सणावारांनी थकले होते असं लोकांना सांगायचे, कारण ते सांगायला बरं असतं. घरात आम्ही चौघं: मी, आमचे हे, सून आणि दुसरीत शिकणारी नात. मुलगा आखातात नोकरीला. तो वर्षातून एकदा येतो आणि आला की सगळ्यांना सांगतो, आमची आई कशी ठणठणीत आहे बघा. सून वाळूजला कंपनीत जाते, सकाळी बस पकडते आणि संध्याकाळी मान धरून परत येते. म्हणजे दिवसभर घरात मी आणि हे. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता दुपारी पेपर तोंडावर घेऊन निवांत पडावं. ते सुख एक उन्हाळाभर मिळालं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटायला लागला, तोंड एका बाजूला ओघळलं आणि जीभ जड झाली.

तरी झटक्यानं मला दमवलं नाही तेवढं यांच्या एका वाक्यानं दमवलं. ‘बरा झालो की जाईन खाली.’ व्यायाम घ्यायला येणारे डॉक्टर सांगून सांगून दमले, ‘काका, खाली उतरून चालल्याशिवाय पाय सुटणार नाही.’ यावर यांचं उत्तर ठरलेलं, पाय सुटला की उतरतो. वर्ष उलटून गेलं, हा माणूस पाचव्या मजल्यावरून खाली उतरला नाही. दवाखान्यात जायचं तेवढं दुपारी, सगळे झोपलेले असताना, आणि तोंडावर रुमाल धरून. सोसायटीत निम्मे लोक नवे भाडेकरू. त्यांना आमच्या घरात पुरुष आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. मी समजावलं, रागावले, अबोला धरला, एकदा तर रागानं ताट आपटलं. काही उपयोग झाला नाही. यांनी एकदा मान्य करावं की आता जे आहे ते असं आहे, आणि आहे तसं घेऊन चार माणसांत यावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी इतकं डोकं फोडलं की शेवटी शेवटी मला त्या वाक्याची सुरुवात ऐकली तरी कान बंद करावेसे वाटायचे.

दिवसभर हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. तिथून चिकलठाण्याच्या कारखान्यांचे पत्रे दिसतात. त्यातल्याच एका कारखान्यात यांनी आयुष्य काढलं, सुपरवायझर म्हणून. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली की कोहळा फोडायचा मान यांचाच असायचा, आणि तो एका घावात फुटला की घरी येऊन मला दोन-दोनदा सांगायचे. पण हे बघायचे ते पत्र्यांकडे नाही. खाली पार्किंगमध्ये, कव्हर घालून, आमची गाडी उभी होती. निवृत्त झाल्यावर घेतलेली, पांढरी, छोटी. तिला यांनी जेवढं पुसलं तेवढं मुलाला कधी पुसलं नाही. सुनेला गाडी येत नाही, मला तर नाहीच. विकून टाकू म्हटलं की यांचं ठरलेलं, ‘दिवाळीला काढतो. खुलताबादला मारुतीला जाऊ.’ कोणत्या दिवाळीला ते मी विचारायचं सोडून दिलं होतं. शनिवारी नवी लिंबू-मिरची मात्र मी न चुकता तिच्या बंपरला बांधून यायचे. का, ते मला विचारू नका.

नात निरोप वाचूनच नाचायला लागली होती. ‘आजी, आपली डिक्की पण सजवायची!’

‘आपली नाही,’ मी म्हटलं. ‘आबांना आवडत नाही कुणी गाडीला हात लावलेला.’

‘सगळ्यांची आहे. आपलीच नाय.’

‘सगळ्यांच्या आज्या पण असतील मग, त्यांना जाऊन त्रास दे.’ असं मी बोलले. तोंडाला लगाम नसतो दमलेल्या माणसाच्या. पोरगी गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिली. मला वाईट वाटलं, पण उठून जवळ घ्यायचंही त्राण नव्हतं.

गॅलरीतून आवाज आला. ‘करू दे तिला.’

मी बघतच राहिले. हे तिकडं तोंड करूनच म्हणाले, ‘टेप नाय लावायचा. रंग... जातो.’

झालं. आबांची परवानगी मिळाल्यावर आजीला कोण विचारतो. सून रात्री दमून आली तरी मोबाइलवर चित्रं दाखवायला लागली, कुणी कोळ्याची जाळी केलीत, कुणी थडगी. प्रत्येक चित्रात एक डांगर होतं, पोखरलेलं, डोळे आणि दात कोरलेलं, आत दिवा. पुण्या-मुंबईकडं त्याला लाल भोपळा म्हणतात, आमच्याकडं डांगर. दुसऱ्या दिवशी मी हे समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींना सहज बोलून गेले. भाभींचं माहेर खुलताबादचं, भावाची शेती आहे. त्या म्हणाल्या, ‘अरे, विकत कायको आणता ताई? भाईच्या शेतात लई डांगरं पडलीत. उद्या आणायला सांगते एक बडा.’ आणि खरंच, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यांच्या भावानं दारात आणून ठेवलं. मातीचा वास येणारं, पाठीवर पांढरी राख फासल्यासारखं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं.

सून त्या दिवशी रजा टाकून घरी होती. तिनं टेबलावर पेपर अंथरला, सुरा काढला आणि मला म्हणाली, ‘आई, तुम्ही चिरा ना, माझ्यानं एवढं मोठं नाही होणार.’

मी सुरा हातात घेतला आणि थांबले.

अख्ख्या डांगराला बाईनं पहिली सुरी लावायची नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे आणि का ते कुणालाच माहीत नाही. पुरुषानं एक चीर द्यायची, मग पुढचं सगळं चिरणं, किसणं, शिजवणं बाईनं करायचं. माहेरी वडील चीर द्यायचे, नंतर भाऊ, नंतर हे. आयुष्यभर सरकारी कागदांवर सह्या केल्या, स्कूटर चालवली, कार्यालयात साहेबांना तोंडावर सुनावलं, पण अख्ख्या डांगराला सुरी लावली नाही. कधी तशी वेळच आली नव्हती. आणि मला आमच्या गल्लीतली एक बाई आठवली. तरुणपणी नवरा गेलेली. डांगर आणलं की ती ते कडेवर घेऊन दारात उभी राहायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणायची, ‘भाऊ, एवढी सुरी लावून जा.’ आम्ही पोरी तिला हसायचो.

मी डांगर उचललं आणि भाभींच्या दारात गेले. त्यांचे मिस्टर, भाईजान, घरात असतील तर एवढी चीर देतील का, म्हणून विचारलं. भाभींना आधी कळेना. मग म्हणाल्या, ‘आमच्यात असं काय नाय बाई, पण तुम्ही म्हणताय तर बुलाते.’ आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी कशी उभी आहे. कडेवर डांगर, परक्या दारात.

मागून आमच्या घरातून आवाज आला. एवढा मोठा आवाज मी यांचा झटक्यानंतर ऐकला नव्हता.

‘घरातला... माणूस... मेला का?’

भाभी दचकल्या. मी मागं फिरले. हे गॅलरीतून उठून, भिंतीला धरत धरत टेबलापर्यंत आले होते. तोंड लाल झालं होतं, कोपऱ्यातून लाळ येत होती आणि ती पुसायचं भान नव्हतं. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. रोज आंघोळ मी घालायची, घास मी भरवायचा, आणि एका डांगरावरून ऐकून घ्यायचं! पण मी डांगर टेबलावर ठेवलं, ते हलू नये म्हणून खाली टॉवेलाचं वेटोळं केलं आणि सुरा यांच्या डाव्या हातात दिला.

डाव्या हाताला सवय नव्हती. सुरा दोनदा घसरला. सून तोंड फिरवून ओट्यापाशी उगाच भांडी सरकवत बसली. मी हातावर हात ठेवायला गेले तर म्हणाले, ‘हात काढ.’ काढला. मग यांनी सुऱ्याचं टोक देठाशी टेकवलं, मूठ छातीला लावली आणि अंगाचा सगळा भार टाकला. कर्रर्र आवाज झाला आणि पातं मुठीपर्यंत आत गेलं. हे खुर्चीत बसले. धाप लागली होती. ‘आता कर,’ म्हणाले, जशी काही माझ्यावर मेहेरबानी केली.

पुढचं मी केलं. गर काढून घारग्यांसाठी बाजूला ठेवला, बिया धुवून सुपात वाळत घातल्या, डोळे कोरले, दात कोरले. हे बघत होते. ‘भुताला दात कशाला,’ म्हणाले. नात म्हणाली, ‘आबा, हे फॉरेनचं भूत आहे.’

दुपारी सून आणि नात सामान घेऊन खाली गेल्या: उशीतला कापूस जाळ्यांसाठी, यांची दोन जुनी धोतरं भुतांसाठी, काळ्या कागदाची वटवाघळं आणि डांगर. मी वर राहिले, यांना एकटं सोडता येत नाही म्हणून. थोड्या वेळानं खालून नातीची हाक आली, ‘आबाऽ, डिक्की उघडेना!’ गॅलरीत जाऊन बघते तर दोघी गाडीला झटापट करतायत. किल्ली फिरते, पण डिक्की हलत नाही. त्या डिक्कीची एक खोड होती. ती फक्त यांना माहीत. हे वरून सांगायला लागले, पण जीभ जड, त्यात पाच मजल्यांचं अंतर. खालून सारखं, ‘काय? काय?’ यांनी डाव्या हातानं खुणा केल्या. सुनेला वाटलं ढकला म्हणतायत, तिनं गाडीच ढकलली. यांनी कपाळाला हात लावला.

‘चल,’ म्हणाले.

‘कुठं?’

‘खाली. मोडतील... डिक्की.’

मी यांना शर्ट घातला. बटणं लावली, काठी हातात दिली. लिफ्टमध्ये समोर आरसा आहे, तर हे दाराकडं तोंड करून उभे राहिले. खाली कुणी भेटू नये अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली आणि तशी दुपारची सामसूमच होती. हे काठी टेकत गाडीपाशी गेले, डावा गुडघा डिक्कीला लावून दाबला, सुनेला म्हणाले, ‘फिरव.’ डिक्की उघडली. आत यांची पिवळी फडकी, बादली आणि कुठल्याशा दसऱ्याच्या झेंडूचा चुरा होता. नातीनं टाळ्या वाजवल्या.

‘झालं ना? चला आता वर,’ मी म्हटलं. उभं राहून यांचा पाय थरथरत होता.

‘खुर्ची आण,’ हे म्हणाले. ‘या दोघी... रंग घालवतील.’

वॉचमननं प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि हे गाडीशेजारी बसले. मग टेपऐवजी दोरा आला, जाळी काचेच्या रबरात अडकवली, धोतरं दाराच्या फटीत दाबून लोंबकळती सोडली. सगळं यांच्या काठीच्या इशाऱ्यावर. माझी लिंबू-मिरची काढावी का, असा सुनेनं प्रश्न काढला. बंपरला लिंबू-मिरची आणि डिक्कीत भूत, म्हणजे त्या बिचाऱ्यानं आत यायचं कुठून? यावर हे हसल्यासारखे झाले, पण लगेच रुमाल तोंडावर गेला. हसताना तोंड जास्तच वाकडं व्हायचं. म्हणून वर्षभर हे हसलेच नव्हते. लिंबू-मिरची तशीच राहिली.

संध्याकाळ होत आली तशी मी पुन्हा म्हटलं, चला. पण तोवर डांगरात पणती लावायची वेळ झाली होती आणि नातीचा हट्ट की पणती आबांनीच लावायची. ती लावेपर्यंत दुसऱ्या गाड्यांच्या डिक्क्या उघडायला लागल्या, स्पीकर सुरू झाला, जिन्यातून पोरांचा लोंढा खाली आला आणि आम्ही दोघं मधोमध सापडलो. सांगाडे, चेटकिणी, पंखवाल्या पऱ्या, एक पोलीस, एक तर नुसताच तोंडाला राख फासून आलेला. हे खुर्चीतून उठायला गेले. काठी, फरफटणारा पाय, लोंबणारा हात आणि डांगराच्या उजेडात खालून उजळलेलं ते तोंड.

एक पोरगी किंचाळली. मग सगळी किंचाळली. आणि मग सांगाड्याच्या वेषातला एकजण ओरडला, ‘आजोबा, लई भारी! परत चालून दाखवा ना!’

त्यांना वाटलं हे सोंग आहे. त्यांचं तरी काय चुकलं? या माणसाला त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं. त्या संध्याकाळी जो तो काहीतरी बनून आला होता, तसे हेही आले असणार. पण तेव्हा एवढा विचार करायला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढं झाले, त्या पोराच्या कानाखाली वाजवणार होते, खरंच सांगते. यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ‘राहू दे,’ म्हणाले.

मग यांनी पाय आणखी फरफटवला. हात आणखी लोंबता सोडला, घशातून घर्रघर्र आवाज काढला आणि पोरांच्या अंगावर चाल केली. पोरं किंचाळत गाड्यांच्या मागं पळाली, परत आली, परत पळाली. हे हसत होते. रुमाल खुर्चीवर पडला होता. वाकडं तर वाकडं, भरपूर हसत होते आणि लाळ हनुवटीवरून गळत होती आणि त्याचंही पोरांना कौतुक वाटत होतं.

मी गाडीला टेकून उभी राहिले. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. भाभी शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘जाने दो ताई. खुश हैं वो.’ नात चेटकिणीच्या टोपीत सगळ्यांना सांगत फिरत होती, ‘माझे आबा आहेत ते, माझे.’ सुनेचे डोळे भरले होते, ती चॉकलेटं वाटायच्या निमित्तानं डिक्कीत डोकं घालून बसली.

शेवटी बक्षिसं झाली. पलीकडच्या विंगमध्ये नव्यानं राहायला आलेली एक मुलगी माइकवर होती. तिनं सांगितलं, सगळ्यात भारी मेकअप आणि अभिनय, पाचव्या मजल्यावरचे आजोबा. टाळ्या पडल्या. जुने शेजारी खाली बघायला लागले, एक-दोघं तिला खुणा करत होते. तिला काहीच कळलं नाही. हे गेले, डाव्या हातानं भुताचं चित्र असलेला कप घेतला आणि मान लववली. वर येताना लिफ्टमध्ये एवढंच म्हणाले, ‘मेकअप म्हणे.’

मला त्या रात्री कुणाचं तोंड बघू नये असं झालं होतं. पोरांचं, त्या माइकवालीचं, यांचंसुद्धा. हे मात्र गाढ झोपले.

सकाळी चहा झाला आणि हे म्हणाले, ‘चप्पल दे.’

मी चप्पल दिली. कुठं, कशाला, काही विचारलं नाही. मी विचारलं की यांचा विचार बदलतो, एवढं मला संसारात कळलं आहे. रुमाल घेऊ का म्हणून हात पुढं केला तर नको अशी मान हलवली. म्हणजे मी ज्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं ते आज आपोआप होत होतं. शाळेच्या बसची वेळ, लिफ्टला गर्दी, आणि हा माणूस उघड्या तोंडानं खाली चालला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. एक बाई आणि तिची मुलगी आत आल्या. बालवाडीतली असेल, गणवेश, पाठीवर दप्तर. काल ती पंखवाली परी होती, कानाशी अजून थोडी चमकी राहिली होती. तिनं यांच्याकडं मान वर करून निरखून पाहिलं.

‘आजोबा, तुम्ही अजून तोंड नाय धुतलं?’

‘ए, गप,’ आई म्हणाली. मग तिचं लक्ष यांच्या हाताकडं गेलं, पायाकडं गेलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं मुलीला जवळ ओढलं.

हे मुलीकडं बघून म्हणाले, ‘धुतलं की.’

‘मग निघालं नाय?’

‘नाय निघत.’

‘साबणानं पण?’

‘साबणानं पण नाय.’ जीभ जड, एकेक शब्द सुटा करून हे बोलत होते. ‘आता... असंच राहणार, बेटा.’

मुलीनं जरा विचार केला. ‘बरं,’ म्हणाली. तळमजला आला. ती आईचा हात ओढत बसकडं पळाली. यांनी काठी पुढं टाकली, उंबरा ओलांडला आणि बाहेर पडले.

मी लिफ्टमध्येच राहिले. असं त्यांनी एकदा म्हणावं म्हणून मी अन्न सोडलं होतं, भांडले होते, देवाला बोलले होते. म्हणाले तेव्हा मला कळलं की मला ते ऐकायचं नव्हतं. घरात कुणीतरी रोज ‘बरा झालो की’ म्हणत होतं, तोवर मीसुद्धा आत कुठंतरी धरून बसले होते की होतील बरे. मी चिडायचे, ते त्यांच्याच भरवशावर चिडायचे. आता घरात तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

लिफ्टचं दार माझ्या तोंडावर बंद झालं आणि वर कुणीतरी बोलावलं असेल, ती मला घेऊन वर गेली. वर जाईस्तोवर मी रडले. सातव्या मजल्यावर कुणी नव्हतं. खाली येईस्तोवर पदरानं तोंड पुसलं.

हे गेटपाशी उन्हात उभे होते. ‘कुठं राहिलीस?’ म्हणाले.

‘वर कुणीतरी बटण दाबलं होतं,’ मी म्हटलं, आणि त्यांच्या उजव्या बाजूनं चालायला लागले.